मुतखड्याचं मूळ गळ्यात

नगर जिल्ह्यात मुतखड्याचं खापर आधी बोअरच्या पाण्यावर फुटतं. मग हुलग्याचं कढण, पानफुटीची पानं, सोनोग्राफी. खडा पडला की विषय मिटला. पण खडे फिरून होतात, हाडं ठणकतात, तहान भागत नाही, पोट साफ होत नाही, अशा वेळी कमरेवरची नजर गळ्याकडे वळवावी लागते.

थायरॉइडच्या पाठीला चिकटून तुरीच्या डाळीएवढ्या चार पॅराथायरॉइड, म्हणजे परावटू ग्रंथी असतात. एकेकीचं वजन जेमतेम ३० ते ५० मिलिग्रॅम. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनात त्या रिचर्ड ओवेन यांना दिसल्या. गेंड्यात आधी दिसल्या यात नवल नाही, तिथे ऐवजच मोठा! माणसातल्या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉमने १८८० मध्ये छापलं.

रक्तातलं कॅल्शियम उतरलं की या ग्रंथी हाडांतून ते उपसून आणतात. एखादीत गाठ झाली तर उपसा थांबतच नाही; जादा कॅल्शियम लघवीत उतरतं आणि खडे होतात. शंभरातल्या नव्याण्णव गाठी साध्या असतात. कर्करोग एक टक्क्याहूनही कमी. दर डेसिलिटर रक्तात कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असावं; ते १४ च्या वर गेलं आणि मानेला गाठ हाताला लागली, तर डॉक्टरांच्या मनात कर्करोगाची शंका येते. अशा गाठीत सुई घालून तपासणी सहसा टाळतात, कारण आवरण फुटलं तर पेशी आजूबाजूला सांडतात. थायरॉइडच्या त्या बाजूसकट गाठ अखंड काढावी लागते.

हा कर्करोग पुढे लसिकाग्रंथी, फुप्फुसं, यकृत, हाडं इथे पसरतो. पण फुप्फुसात जाऊन बसलेली पेशीही आपला जुना धंदा सोडत नाही. तिथूनही ती हाडांना कॅल्शियम मागत राहते. रुग्ण बहुधा गाठीच्या आकाराने नव्हे, तर चढलेल्या कॅल्शियमने जातो: मूत्रपिंड बिघडतं, हृदयाचा ठोका चुकतो. किमोथेरपी फारशी लागू पडत नाही. म्हणून फुप्फुसातल्या गाठी पुन्हा पुन्हा काढतात, तेवढाच कॅल्शियमला उतार.

एक चकवा मात्र लक्षात घ्यावा. एक्स-रेमध्ये हाडाला पोकळी दिसली की घरचे समजतात, कर्करोग हाडात गेला. पुष्कळदा तो ‘ब्राउन ट्यूमर’ असतो. नुसत्या उपशाने पोखरलेली, आत रक्त साकळून तपकिरी झालेली ती जागा. गळ्यातली गाठ निघाली की हाड आपोआप भरू लागतं.