शेवटचे कडवे कुठे गेले? भीमगीतांच्या कॅसेट कंपन्यांचा इतिहास आपणच शोधला पाहिजे

भीमजयंतीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. राहुरीजवळच्या एका वस्तीत मिरवणुकीची तयारी चालू होती. डीजेवर एक जुने भीमगीत नव्या ठेक्यात वाजत होते. अकरावीत शिकणाऱ्या एका मुलाने विचारले, "ताई, हे गाणं लिहिलंय कुणी?" मला सांगता आले नाही. त्याने मोबाइलवर शोधले. गायकाचे नाव होते, एका कंपनीचे नाव होते, लाखांच्या घरात व्ह्यूज होते. गीतकाराचे नाव कुठेच नव्हते.

शेजारच्या ओट्यावर बसलेले आजोबा उठले आणि घरातून बुटाचे खोके घेऊन आले. त्यात तीसेक कॅसेट होत्या. त्यातली एक त्यांनी काढली. कव्हरची घडी उलगडली तर आत सगळे छापलेले होते. गीत कोणाचे, संगीत कोणाचे, ढोलकीवर कोण, कोरसला कोण आणि खाली कंपनीचा पत्ता. टेपरेकॉर्डर बंद पडलेला होता, म्हणून आजोबांनीच ते गाणे शेवटपर्यंत म्हणून दाखवले. शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफलेले होते. डीजेच्या रिमिक्समध्ये नेमके तेच कडवे कापलेले होते.

आपल्या शाहिरांनी आपले नाव गाण्याच्या आतच ठेवले, संतांच्या अभंगासारखे. वामनदादा कर्डकांच्या किती तरी गीतांच्या शेवटी 'वामन' येतो. कागद हरवला तरी गाणारा नाव विसरणार नाही, अशी ही सोय होती. आता कव्हरही गेले आणि शेवटचे कडवेही गेले. मग ज्यांनी चळवळ गात गात गावोगावी नेली, त्यांचा पुरावा कुठे राहणार? याचे उत्तर शोधायचे तर ज्या छोट्या कंपन्यांनी ही गाणी बाजारात आणली, त्यांचा इतिहास शोधावा लागेल.

छोट्या कंपन्या का महत्त्वाच्या?

भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झाले. पुढे अनेक दशके हा धंदा मुख्यतः एकाच मोठ्या कंपनीच्या हातात राहिला. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मावत. आंबेडकरी जलशातले गाणे त्यात बसणार कसे? भीमराव कर्डकांसारखे जलसाकार रात्र-रात्र गाणे, संवाद आणि विनोदातून बाबासाहेबांचा विचार सांगत होते. ते ऐकणाऱ्या वस्तीत ना ग्रामोफोन होता, ना तबकडी घ्यायला पैसे. पुढे श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारखे आवाज ध्वनिमुद्रित झाले, पण त्यांच्यामागे गावोगावच्या शेकडो गायन पार्ट्या होत्या. त्यांच्यापर्यंत तबकडी पोहोचली नाही.

हे चित्र कॅसेटने बदलले. कॅसेट १९६३ मध्ये युरोपात आली आणि आपल्याकडे १९८० च्या दशकात घराघरात पोहोचली. तबकडी काढायला कारखाना लागतो. कॅसेटला एक लहान स्टुडिओ, प्रती काढायचे मशीन आणि कव्हर छापणारा प्रेसवाला एवढे पुरे. थोड्या प्रती काढूनही धंदा करता येऊ लागला. संशोधक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात उत्तर भारतातला हा बदल मांडला आहे. मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि स्थानिक बोली, स्थानिक गायक, धार्मिक आणि राजकीय गाणी बाजारात आली. महाराष्ट्रात त्याच लाटेवर भीमगीते आणि बुद्धगीते आली. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीच्या परिसरातले पुस्तकांचे आणि कॅसेटचे स्टॉल हीच आपली दुकाने होती.

या कंपन्यांचे गुणगान करायचे कारण नाही. अनेक व्यवहार तोंडी आणि एकरकमी होत. पैसे देऊन विषय संपवला जाई आणि पुढच्या विक्रीत कलावंताचा वाटा नसे. पण त्यांनी जे छापले आणि जे मुद्रित केले, तेच आज आपल्या हातात उरलेले दप्तर आहे.

अमेरिकेतला अनुभव

आपल्यासारखाच प्रश्न अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजापुढे आला होता. १९२१ मध्ये हॅरी पेस यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 'ब्लॅक स्वान' ही रेकॉर्ड कंपनी काढली. मालकी कृष्णवर्णीयांची, कलावंत कृष्णवर्णीय. एथेल वॉटर्स यांच्या ब्लूज गाण्यांनी कंपनीला नाव मिळवून दिले. संचालक मंडळावर डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस होते. होय, तेच ड्यू बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले आणि ज्यांनी त्याला उत्तर दिले. ब्लॅक स्वान फार चालली नाही. १९२३ च्या अखेरीस ती दिवाळखोरीत गेली आणि १९२४ मध्ये पॅरामाउंट या कंपनीच्या ताब्यात गेली. तरीही आज तिचा इतिहास लिहिलेला आहे. कारण संग्राहकांनी एक-एक तबकडी शोधून तिच्यावरचा क्रमांक, गायक, वादक आणि तारीख यांची यादी तयार केली. अशा यादीला 'डिस्कोग्राफी' म्हणतात.

गॉस्पेलची कथा आपल्याला आणखी जवळची आहे. गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले समूहगान. राहुरीकरांना हे समजायला जड जाऊ नये. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई राहुरीत राहिले होते आणि टिळकांनी ख्रिस्ती उपासना अभंग, भजन आणि कीर्तनाच्या चालीत आणली. तिकडे गॉस्पेल आणि जॅझ यांचे कलावंत एकाच वस्तीतून येत. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात १९४२ मध्ये सुरू झालेल्या 'सॅव्हॉय' कंपनीने चार्ली पार्करचे जॅझही काढले आणि जेम्स क्लीव्हलँडचे गॉस्पेलही. सॅव्हॉयचे नाव टिकले. पण छोट्या शहरांतल्या चर्चच्या गायकांनी कमी प्रतींत काढलेल्या तबकड्या माळ्यावर आणि भंगारात गेल्या.

२००५ मध्ये रॉबर्ट डार्डन या प्राध्यापकांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितले की गॉस्पेलच्या सुवर्णकाळातला बहुतांश ठेवा हरवत चालला आहे. तो वाचून एक देणगीदार पुढे आला आणि टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात या तबकड्या गोळा करून डिजिटल करण्याचा प्रकल्प उभा राहिला. लोकांनी घरातल्या तबकड्या पाठवल्या. सुरुवात एका लेखाने आणि घरातल्या खोक्यांनी झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मुंबईतही झाले आहे

हे फक्त अमेरिकेतच घडते असे नाही. मुंबईत १९३५ मध्ये नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने 'यंग इंडिया' हे लेबल सुरू केले. १९५५ च्या सुमारास ते बंद पडले आणि विस्मरणात गेले. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे सुरेश चांदवणकर यांनी या लेबलच्या तबकड्या, कव्हरे आणि सूचीपत्रे गोळा करून ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने त्यांचे डिजिटायझेशन केले. एका बंद कंपनीचा इतिहास असा परत मिळाला. मग भीमगीतांच्या कॅसेट कंपन्यांचा का मिळू नये?

शोध कसा घ्यायचा?

यासाठी पीएचडी लागत नाही. वही, मोबाइल आणि चिकाटी लागते.

पहिले काम नोंदीचे. प्रत्येक कॅसेटच्या कव्हरच्या दोन्ही बाजूंचा आणि कॅसेटवरच्या लेबलचा फोटो घ्या. कंपनीचे नाव, कॅटलॉग क्रमांक, गाण्यांचा क्रम, गीतकार, संगीतकार, वादक, कोरस, पत्ता, किंमत हे सगळे वहीत जसेच्या तसे उतरवा. 'आणि साथी' एवढेच लिहिले असेल तर तेही लिहा. कोरसमधल्या बाया बहुतेक त्या दोन शब्दांतच लपलेल्या असतात. तबकडी असेल तर मधल्या लेबलजवळच्या गुळगुळीत भागावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही टिपा.

दुसरे काम काळ ठरवण्याचे. अनेक कव्हरांवर वर्ष नसते, पण खुणा असतात. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कव्हर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. मुंबईचा फोन नंबर आठ आकडी असेल तर ते २००२ च्या सुमारानंतरचे. इंग्रजी पत्त्यात 'मुंबई' असेल तर बहुधा १९९५ नंतरचे. गाण्यातही खुणा असतात. बाबासाहेबांना 'भारतरत्न' म्हटले असेल तर गीत १९९० किंवा त्यानंतरचे असण्याची शक्यता मोठी. नामांतराची मागणी असेल तर १४ जानेवारी १९९४ च्या आधीचे, नामविस्ताराचा आनंद असेल तर नंतरचे. रमाबाई आंबेडकर नगरच्या गोळीबाराचा उल्लेख असेल तर ११ जुलै १९९७ नंतरचे. मात्र एकाच खुणेवर वर्ष पक्के करू नका. जुने गाणे नव्या कव्हरात पुन्हा निघते.

तिसरे काम माणसांचे, आणि हे सगळ्यात तातडीचे. कॅसेट आणखी पाच वर्षे टिकेल, ढोलकीवाले काका टिकतीलच असे नाही. स्टुडिओ कुठे होता, एका दिवसात किती गाणी झाली, पैसे कसे मिळाले, चाल कोणाची, हे विचारा. "तुमच्या आठवणी सांगा" असे म्हटले तर माणूस गोंधळतो. कॅसेट हातात द्या, तो आपोआप बोलू लागतो. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. गायकाच्या पत्नीशी, बहिणीशीही बोला. दौऱ्यांचा हिशोब आणि गाण्यांच्या वह्या पुष्कळदा त्यांनीच सांभाळलेल्या असतात.

चौथे काम जपणुकीचे. बुरशी दिसत असलेली कॅसेट मशीनमध्ये घालू नका, हेडही खराब होते आणि टेपही. वाजवण्याआधी टेप एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा आणि मशीनचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुन्या ७८ च्या तबकडीला मात्र अल्कोहोल लावू नका, त्यातली लाख विरघळते. डिजिटल करताना मूळ प्रत २४ बिट, निदान ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवायची एमपी३ वेगळी काढा. फाइलच्या नावात गीतकार लिहा. मूळ कॅसेट मालकाला परत करा, फेकू नका.

नाव हा कायदेशीर हक्कही आहे

गीतकाराचे नाव देणे हे उपकार नाहीत. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी निर्माता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. गीतावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ च्या अखेरीपर्यंत आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा वाटा सोडून देण्याचा करारही करता येत नाही. तो वाटा फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो.

म्हणून आपल्यालाही पथ्य पाळावे लागेल. जमवलेली गाणी सरसकट यूट्यूबवर टाकणे म्हणजे संशोधन नव्हे. यादी, कव्हरांवरची माहिती आणि मुलाखती सगळ्यांसाठी खुल्या करू. पूर्ण गाणी मात्र हक्कदारांना विचारूनच प्रसिद्ध करू. आपणही विचारले नाही तर आपल्यात आणि नाव गाळणाऱ्यात फरक काय?

सुरुवात आपल्या तालुक्यापासून

मोबाइलने नवे दरवाजे उघडले, हे खरेच आहे. कडूबाई खरात यांचा आवाज कोणत्याही मोठ्या कंपनीशिवाय घराघरात पोहोचला. पण त्याच मोबाइलवर जुने गाणे निनावी होऊन फिरते.

आम्ही काही जणांनी राहुरी तालुक्यात हे काम सुरू केले आहे. आजोबांच्या खोक्यातल्या सगळ्या कॅसेटची नोंद झाली. त्या मुलानेच वही लिहिली. पुढे एकेका विहारात रविवारच्या वंदनेनंतर 'कॅसेट घेऊन या' असा कार्यक्रम ठेवायचा आहे. तुमच्या तालुक्यातही हे करता येईल. दोन मुले, एक वही आणि विहारातले एक कपाट एवढ्यावर सुरुवात होते.

आणि येत्या जयंतीला एक अट घाला. डीजेवाल्याला सांगा, गाणे लावायचे तर शेवटच्या कडव्यासकट लाव. ज्याने लिहिले त्याचे नाव वस्तीला ऐकू येऊ दे.

जय भीम! नमो बुद्धाय!