छप्पर गळायच्या आधीच या खुणा ओळखा

शिरोली एमआयडीसी : वळवाच्या वाऱ्यात उडणारा पत्रा बऱ्याचदा आधीच सैल झालेला असतो. म्हणून पावसाआधी भर दुपारी दारं-खिडक्या लावून आतून वर बघा. उजेडाचे ठिपके दिसले तर तिथं भोक पडलंय. हुकाभोवती गंज, तडकलेला वायसर किंवा वाऱ्यात खडखड असेल तर हूक-वायसर लगेच बदला.

कौलारू घरात वाशावर मातीच्या रेघा म्हणजे वाळवी.

स्लॅबला तांबूस डाग, लांब सरळ भेग, पोपडे दिसले तर आत सळई गंजत असणार. नुसता गिलावा करून भागत नाही. अशा जागेखाली पोरांना झोपवू नका, आधी इंजिनिअरला दाखवा.

सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो अचानक फुटतो.