‘आम्ही नाही का घेतलं घर?’

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. हल्ली ही दोन्ही कामे एकमेकांत अडकून बसली आहेत. मुलाचे लग्न ठरवायला निघालात, की समोरून प्रश्न येतो, ‘स्वतःची जागा आहे ना?’ आणि जागा नसली, की संध्याकाळच्या चहाला एक वाक्य हमखास कानावर पडते, ‘आम्ही नाही का घेतलं घर? आणि तेही एका पगारात!’

मैत्रिणींनो, तुम्ही सासूबाई असाल तर हे वाक्य कधी ना कधी तुमच्या तोंडून गेले असेल. सून असाल तर मुकाट्याने गिळले असेल. वाक्य खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेला अर्धा भाग आज जरा निवांत बसून पाहू या. कारण नेमक्या त्या अर्ध्यावरूनच कितीतरी घरांत अबोला धरला जातो.

आधी सासूबाईंचे ऐकू या

गिरगाव-दादरच्या चाळीतली खोली सोडून डोंबिवली, मुलुंड, बोरिवलीला ज्यांनी बिऱ्हाड हलवले, त्या पिढीच्या काटकसरीला खरोखरच तोड नाही. रॉकेलचा थेंब न् थेंब मोजला, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, भिशीचे पैसे साडीला न लावता जागेच्या हप्त्याला लावले. वेळ आली तेव्हा हातातल्या पाटल्या मोडल्या आणि वर कुणाला कळूही दिले नाही. हे सारे खरे आणि कौतुकाचेच आहे.

पण या काटकसरीला काळाचीही साथ होती, बरं का! पहिली साथ भाड्याची. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी बहुतांशी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली होती. नळावर भांडण, संडासाला रांग, मालक दुरुस्तीचे नाव घेणार नाही, हे हाल होतेच. पण ज्यांना अशी जागा मिळाली, त्यांच्या पगाराचा अगदी थोडा भाग भाड्यात जाई आणि शिल्लक टाकायला हातात काहीतरी उरे.

दुसरी साथ सहकाराची. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आला आणि एकाच कचेरीतली, एकाच शाळेतली माणसे एकत्र येऊन जमीन घेऊ लागली, सोसायट्या बांधू लागली. पुढे १९७० मध्ये सिडको आणि १९७७ मध्ये म्हाडा आली.

तिसरी गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तेव्हा कर्ज सहजासहजी मिळतच नसे, आणि तीही एका परीने साथच होती! एचडीएफसी १९७७ साली स्थापन झाली. तिने १९७८ मध्ये दिलेले पहिले कर्ज होते ३०,००० रुपयांचे, मालाडच्या ७०,००० रुपयांच्या घरासाठी, साडेदहा टक्के व्याजाने. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम घेणाऱ्याच्या पदरची. लोकांच्या गाठी जेवढी शिल्लक, तेवढ्यालाच घर विकले जाणार, हे तेव्हाचे गणित. पुढे कर्ज मुबलक झाले, तशा किमती लोकांच्या शिलकीला नव्हे, तर पुढच्या वीस वर्षांच्या पगाराला धरून चढू लागल्या. हे काही एकच कारण नव्हे. शहरातली जमीन अपुरी पडली, पैसे गुंतवायला म्हणून दुसरे-तिसरे घर घेणारेही वाढले. पण हे कारण मोठे आहे.

आणि शेवटची साथ म्हाताऱपणाची. महागाई भत्त्याने पगार वाढत गेला, हप्ता मात्र होता तिथेच राहिला, म्हणून तो वर्षागणिक हलका होत गेला. सरकारी नोकरी असेल तर शेवटी पेन्शन होती. पीपीएफवर १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत १२ टक्के व्याज मिळे. तोच दर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आला. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना तर जुन्या पेन्शनऐवजी वर्गणीची नवी योजना आली.

आता सुनेचा हिशेब मांडू या

समजा, ५० लाखांची जागा पाहिली. एवढ्या किमतीला बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४० लाख देऊ शकते. उरलेले १० लाख रोख हवेत. शिवाय महापालिकेच्या हद्दीत सहा-सात टक्के मुद्रांक शुल्क आणि ३०,००० रुपये नोंदणी फी. हे पैसे त्या ८० टक्क्यांत धरत नाहीत. इमारत बांधून पुरी झालेली नसेल, तर पाच टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे उंबरठा ओलांडण्याआधीच साडेतेरा ते सोळा लाख हातात पाहिजेत!

आणि पुढे? साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये होतो. वीस वर्षांत परतफेड ८३ लाखांच्या वर. म्हणजे ४० लाखांच्या कर्जावर ४३ लाखांहून जास्त नुसते व्याज! त्यात हप्ता सुरू होईपर्यंत चालू जागेचे भाडे भरायचे, पाळणाघर आणि शाळेची फी आहेच.

मग कुणी म्हणते, ‘बाहेरचं खाणं कमी करा, म्हणजे जमेल.’ बाहेरचे खाणे कमी करावे, यात वाद नाही. पण महिन्याला तीन हजार वाचवले, तरी वर्षाचे ३६,००० होतात. दहा लाख जमायला जवळजवळ अठ्ठावीस वर्षे लागतील, व्याज धरले तर काही कमी. थेंबे थेंबे तळे साचते खरे, पण तळेच दर वर्षी मोठे होत गेले तर थेंबांनी काय करावे?

एक रविवार, दोन कागद

यावर माझी एक साधी सूचना आहे. एखाद्या रविवारी ट्रंकेतला जागेचा जुना करारनामा काढा आणि त्या वर्षीचा पगार आठवा. किमतीला वर्षाच्या पगाराने भागा. किती वर्षांचा पगार झाला? आता मुलाने किंवा मुलीने पाहिलेल्या जागेच्या किमतीला त्यांच्या वर्षाच्या पगाराने भागा. दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहा. रुपयांची तुलना भांडण लावते, वर्षांची तुलना डोळे उघडते. काही घरांत मुलांचा आकडा लहानही निघेल. तसे असेल तर मग खुशाल खर्चाची वही मागा!

देताना हात राखून द्या

हिशेब पाहून आईचा जीव कळवळतो. ‘आमचं काय राहिलंय आता? घ्या हे पैसे,’ असे ती म्हणून जाते. थांबा! आधी तुमचे दोघांचे औषधपाणी, दवाखाना आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा घरखर्च बाजूला काढा. उरेल त्यातून द्या. राहते घर मात्र मुलाच्या कर्जासाठी गहाण टाकू नका.

दिलेले पैसे भेट की उसने, हे त्याच दिवशी ठरवा आणि लिहून ठेवा. मुलाला देत असाल तर मुलीला सांगून द्या. नंतर तिसऱ्याकडून कळले की पैशांपेक्षा मनाला जास्त लागते. घरच नावावर करून देणार असाल, तर बक्षीसपत्रात ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट लिहून घ्या. अशी अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते.

सुनांनो, तुम्हालाही चार गोष्टी. हप्ता दोघांच्या पगारातून आणि करारावर नाव एकट्याचे, असे होऊ देऊ नका. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून फक्त स्त्रियांच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळू लागली, तिचीही चौकशी करा. बांधकाम चालू असेल तर महारेराची नोंदणी पाहा. नोंदलेल्या कराराशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. आणि हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक-तृतीयांशाच्या वर जात असेल, तर आणखी काही वर्षे भाड्याने राहण्यात कमीपणा मानू नका. करार मात्र नोंदलेला हवा.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण मुलांना शिकवले. ते शिकलेही. आता अंथरूणच आखूड असेल, तर त्यांच्या पायांना नावे ठेवून कसे चालेल? सासूबाई, पाटल्या मोडल्याची गोष्ट सुनेला जरूर सांगा, पण टोमणा म्हणून नको. शेजारी बसवून, जुना करारनामा तिच्या हाती देऊन सांगा. आणि सूनबाई, तो वाचून झाला की आपली पगाराची पावती तुम्ही त्यांच्यापुढे ठेवा. चहा त्या दिवशी जरा जास्तच टाका. बोलणे लांबणार आहे.