कमी बजेटमध्ये टीव्ही घेताना : पक्कं बिल, कच्चं बिल आणि ग्रे मार्केट



टीव्ही घरासाठी घ्यायचा असो की लोकवर्गणीतून शाळेसाठी, चर्चा बहुतेक वेळा दोनच प्रश्नांवर होते. "किती इंची?" आणि "कितीला बसला?" तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही : "उद्या बिघडला तर जबाबदार कोण?" स्वस्त टीव्हीच्या बाबतीत हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून आजचा पाठ त्याच्यावर.

आपल्या नागपुरात बर्डीवर, सदरला किंवा इतवारीत खरेदीला गेलं की कधी ना कधी हे वाक्य कानावर पडतं, "भैया, पक्का बिल चाहिये या बिना बिल का?" बिना बिलचा भाव हजार-दोन हजारांनी कमी असतो आणि मन तिकडे ओढलं जातं. ती वजावट नेमकी कशाची असते, हे समजून घेऊ. पण त्याआधी टीव्ही निवडायचा कसा, ते थोडक्यात पाहू.

१. इंच म्हणजे काय?

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. लांबी नाही आणि रुंदीही नाही. आजच्या टीव्हीच्या पडद्याचं प्रमाण १६:९ असतं. पायथागोरसचं प्रमेय लावलं की ३२ इंची पडदा साधारण २८ इंच रुंद आणि १५.७ इंच उंच निघतो. ४३ इंची पडदा साधारण ३७.५ इंच रुंद आणि २१ इंच उंच असतो.

आता क्षेत्रफळ काढा. ३२ वरून ४३ वर गेलं की इंच वाढतात ११, पण पडद्याचं क्षेत्रफळ जवळपास १.८ पट होतं. म्हणून "थोडेच तर इंच जास्त आहेत" असं म्हणू नका. भावातला फरक या क्षेत्रफळाशी ताडून बघा.

घरी पाच-सहा फुटांवरून बघणार असाल तर ३२ इंची पुरतो. सात-आठ फूट अंतर असेल तर ४३ इंची बरा. छोट्या खोलीत ५५ इंची लावून मान दुखवून घेण्यात अर्थ नाही.

२. खोक्यावरचे शब्द

'एचडी रेडी' म्हणजे पडद्यावर १३६६ × ७६८ ठिपके. 'फुल एचडी' म्हणजे १९२० × १०८० आणि '४के' म्हणजे ३८४० × २१६०. ३२ इंची स्वस्त टीव्ही बहुधा एचडी रेडीच असतात आणि बातम्या-मालिकांसाठी ते चालतात. मुलं लॅपटॉप जोडून बारीक अक्षरं वाचणार असतील तर मात्र फुल एचडी शोधा.

'ए प्लस ग्रेड पॅनल' या शब्दांवर भाळू नका. हा कोणत्याही सरकारी मानकाचा दर्जा नाही, विक्रेत्याने दिलेलं नाव आहे.

'स्मार्ट' शब्दातही फरक असतो. काही स्वस्त टीव्हींमध्ये अँड्रॉइडचं मोकळं रूप टाकलेलं असतं. ते दिसायला सारखंच, पण त्यावर काही अ‍ॅप नीट चालत नाहीत आणि अपडेटही येत नाही. यावर साधा उपाय आहे. दुकानातच तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि तुम्हाला लागणारं अ‍ॅप चालवून दाखवायला सांगा. पाच मिनिटांत कळतं.

एचडीएमआय आणि यूएसबीची निदान दोन-दोन तोंडं आहेत का, तेही बघा. सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह, सगळं जोडायचं असतं.

३. ग्रे मार्केट म्हणजे नेमकं काय?

लोक 'दोन नंबरचा माल' या एकाच नावाखाली सगळं टाकतात. खरं तर त्यात चार वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार : माल खरा, पण दुसऱ्या देशासाठी बनवलेला. कंपनीच्या अधिकृत वाटेने न येता तो इथे आलेला असतो. मूळ अर्थाने ग्रे मार्केट ते हेच.

दुसरा प्रकार : माल खरा आणि भारतातलाच, पण कर चुकवण्यासाठी बिल न देता किंवा 'कच्च्या बिलावर' विकलेला.

तिसरा प्रकार : कुठेतरी सुटे भाग जोडून तयार केलेला आणि मोठ्या कंपनीच्या नावासारखं नाव किंवा स्टिकर लावलेला. हा ग्रे नाही, सरळ बनावट माल आहे.

चौथा प्रकार : डिस्प्ले पीस, ओपन बॉक्स किंवा दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला टीव्ही. तसं स्पष्ट सांगून, बिलावर लिहून विकला तर यात गैर काही नाही. हाच टीव्ही नवा म्हणून विकला तर ती फसवणूक.

४. परदेशातून आणलेला टीव्ही

एक काळ असा होता की दुबई-बँकॉकहून येणारे प्रवासी विमानात सामानाबरोबर मोठे टीव्ही घेऊन यायचे. ठरावीक रकमेपर्यंतच्या सामानावर सीमाशुल्क लागत नसे आणि तिकडे टीव्ही स्वस्त होते. हे प्रमाण इतकं वाढलं की २६ ऑगस्ट २०१३ पासून सरकारने सपाट पडद्याच्या टीव्हीला ही सूट बंद केली आणि त्यावर सुमारे ३६ टक्के शुल्क लागू झालं. त्या वेळी रुपया वेगाने घसरत होता. पुढे ३० जुलै २०२० रोजी रंगीत टीव्हीची व्यापारी आयातही 'प्रतिबंधित' गटात टाकण्यात आली, म्हणजे आयातीला परवाना आवश्यक झाला.

नागपूरहून शारजा-दोह्याला विमानं जातात आणि आखातात नोकरी करणारे नातेवाईक अनेक घरांत आहेत. "येताना एक टीव्ही आण रे" असं सांगण्याआधी तीन गोष्टी लक्षात घ्या. एक, सीमाशुल्क धरून हिशेब करा. दोन, टीव्हीची वॉरंटी बहुधा ज्या देशात विकला त्या देशापुरतीच असते. तीन, मागचं लेबल वाचा. अमेरिकेतल्या टीव्हीवर फक्त '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' लिहिलेलं असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट लावता येत नाही. '१००-२४०' लिहिलेलं असेल तर चालतो. तरीही तिथली अँटेनाची प्रक्षेपण पद्धत वेगळी आहे, त्यामुळे इथे सगळं सेट-टॉप बॉक्समधूनच बघावं लागेल.

५. बिना बिलचा हिशेब

आता टक्केवारीचं गणित करू. समजा, टीव्हीची मूळ किंमत १०,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,८०० रुपये. पक्क्या बिलाने टीव्ही ११,८०० ला पडतो. दुकानदार म्हणतो, "बिना बिल १०,८०० द्या."

तुमचे वाचले १,००० रुपये. दुकानदाराने सरकारला न दिलेले १,८०० रुपये. म्हणजे मधले ८०० रुपये त्याच्या खिशात गेले. आणि तुम्ही त्या हजार रुपयांत काय विकलं? एका वर्षाची वॉरंटी, बदलून मागण्याचा हक्क आणि तक्रारीचा पुरावा. सहा महिन्यांनी पॅनल गेलं तर हा हजार कुठेच पुरणार नाही, कारण टीव्हीत सगळ्यात महाग भाग पॅनलच असतो. पॅनल बदलण्याचा खर्च अनेकदा नव्या टीव्हीच्या जवळपास जातो.

म्हणजे भावातली ती घट ही सवलत नव्हेच. बिघाडाची जबाबदारी कंपनीकडून काढून तुमच्या डोक्यावर ठेवण्याचा तो मोबदला आहे, आणि तोही फार कमी. शिवाय ज्या करातून शाळा, पाठ्यपुस्तकं आणि पोषण आहार चालतो, तोच कर बुडतो. आपण शिक्षक मंडळींनी तरी हे विसरू नये.

एक चांगली गोष्ट. पूर्वी ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. २०,००० मूळ किमतीचा ४३ इंची टीव्ही आधी २५,६०० ला पडायचा, आता २३,६०० ला पडतो. बिना बिल घेण्याचा मोह आता आणखी कमी व्हायला हवा.

"दुकानाची गॅरंटी आहे ना!" हे वाक्यही ऐकायला मिळतं. दुकानाची तोंडी गॅरंटी आणि कंपनीची लेखी वॉरंटी यांत फरक आहे. दुकान बंद झालं, मालक बदलला की तोंडी गॅरंटी संपली.

६. पैसे देण्याआधी हे तपासा

(अ) पक्कं बिल. त्यावर दुकानाचं नाव-पत्ता, १५ अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक, टीव्हीचं मॉडेल आणि अनुक्रमांक हवा. महाराष्ट्रातल्या दुकानाचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नोंदणीकृत नाव दिसतं.

(आ) अनुक्रमांक तीन ठिकाणी सारखाच हवा : खोक्यावर, टीव्हीच्या मागे आणि बिलावर. खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा.

(इ) बीआयएसची नोंदणी. ३२ इंच आणि त्याहून मोठ्या एलईडी-एलसीडी टीव्हींना २०१३ पासून ती सक्तीची झाली, नंतर लहान टीव्हीही त्यात आले. टीव्हीच्या मागे मानक चिन्हाखाली 'आर' या इंग्रजी अक्षरापुढे आठ अंक असतात. 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपमध्ये हा क्रमांक टाकला की कोणत्या कंपनीच्या नावावर नोंदणी आहे ते कळतं. क्रमांक नसेल किंवा नाव भलतंच निघालं तर तिथूनच परत फिरा.

(ई) खोक्यावर एमआरपी, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनला, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवा क्रमांक छापलेला हवा. यातलं काही खोडलेलं किंवा वरून स्टिकर चिकटवलेलं असेल तर शंका घ्या.

(उ) त्या ग्राहक सेवा क्रमांकावर दुकानातूनच फोन करा. "हे मॉडेल, हा अनुक्रमांक, भारतात वॉरंटी आहे का? नागपुरात सर्व्हिस सेंटर कुठे आहे?" एवढं विचारा. नवख्या कंपनीचा स्वस्त टीव्ही घेताना हा फोन चुकवू नका.

(ऊ) ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याचं नाव वाचा. मोठ्या संकेतस्थळावर दिसतो म्हणून विक्रेता अधिकृतच असेल असं नाही.

आणि हो, आपल्याकडे मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस विजांसह येतो. विजेने किंवा व्होल्टेज वाढून झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत धरत नाहीत. ढग गडगडू लागले की टीव्हीचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवा.

७. तरीही फसगत झाली तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या वस्तूचं बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. आधी दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. विशेष म्हणजे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा का असेना.

मात्र यासाठी कागद लागतो. यूपीआयने पैसे दिले असतील तर रकमेची नोंद मिळते, पण कोणता टीव्ही घेतला ते त्यातून कळत नाही. म्हणून बिलाचा फोटो काढून ठेवा. काही बिलांची छपाई वर्षभरात उडून जाते.

८. शाळेसाठी घेताना

शाळेचा टीव्ही बहुधा गावाच्या पैशांतून येतो. कोणी शंभर दिले, कोणी पाचशे. तिथे हजार रुपये वाचवायला बिना बिलचा माल घेतला तर डेडस्टॉक रजिस्टरला नोंद कशाच्या आधारे करणार, आणि शाळा व्यवस्थापन समितीला हिशेब काय दाखवणार? बिल मुख्याध्यापकांच्या किंवा एखाद्या शिक्षकाच्या नावावर न घेता शाळेच्या नावावर घ्या. बदली झाली तरी वॉरंटी शाळेकडे राहते.

आकाराचा साधा ठोकताळा असा : शेवटच्या रांगेतलं मूल पडद्याच्या उंचीच्या सहा पटीपेक्षा लांब बसू नये, नाहीतर अक्षरं वाचता येत नाहीत. ३२ इंचीसाठी हे अंतर साधारण २.४ मीटर येतं, ४३ इंचीसाठी ३.२ मीटर. वर्गासाठी ३२ इंची बहुधा लहानच पडतो. इंटरनेट कच्चं असेल तिथे डीडी फ्री डिश बसवा. डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच, मासिक शुल्क नाही आणि पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्याही त्यावर मिळतात.

वर्गात करून बघा

सातवी-आठवीच्या मुलांना घरातल्या कोणत्याही विजेच्या वस्तूचं बिल आणि खोकं बघून या गोष्टी वहीत लिहून आणायला सांगा : मूळ किंमत, जीएसटीची टक्केवारी, एकूण रक्कम, उत्पादकाचं नाव, उत्पादनाचा महिना आणि वॉरंटी कधी संपते ती तारीख. दुसऱ्या दिवशी वर्गात टक्केवारी पडताळून घ्या. टीव्हीचा कर्णही मोजपट्टीने मोजायला लावा. गणित, नागरिकशास्त्र आणि व्यवहार, तिन्ही एकाच तासात होतात. ज्या घरी बिलच सापडत नाही, त्या घरी त्या संध्याकाळी थोडी शोधाशोध होईल, आणि ती झालेली बरीच!