सव्वा गोणीचं विमान
उड्डाणाची पुस्तकं : लेखांक 7

लोणंदच्या बाजारात कांद्याची गोणी साधारण पन्नास किलोची भरते. हमाल ती पाठीवर घेतो आणि ट्रकच्या फळीवरून चढून जातो. हे वजन जरा लक्षात ठेवा, कारण आजच्या पुस्तकांतला सगळा हिशोब त्याच मापाने करायचा आहे.

मागच्या आठवड्यात आपण मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिणकरांपाशी थांबलो होतो. केंब्रिजला शिकलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात वैमानिक झाला आणि जून 1918 मध्ये फ्रान्समध्ये कामी आला. त्याच युद्धातले वैमानिक सोडून आज खाली जमिनीवर उतरू. विमानांचा इतिहास म्हणजे विमानात बसलेल्यांचा इतिहास, अशी आपली समजूत असते आणि बहुतेक पुस्तकंही तशीच लिहिलेली असतात. पण मान वर करून विमानाची वाट बघणारेही त्या इतिहासात असतात. 1916 साली वाट बघणाऱ्यांत आपल्याकडचे पुष्कळ होते.

ब्रिटिश सरकारने आपल्या हवाई युद्धाचा अधिकृत इतिहास लिहून घेतला. ‘द वॉर इन द एअर’ हे त्याचं नाव, आणि मजकुराचे खंड सहा. पहिला खंड 1922 मध्ये आला. लेखक वॉल्टर रॅले हे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. तरुणपणी अलीगढच्या कॉलेजात शिकवून गेलेले. पुढच्या खंडांसाठी रणभूमी डोळ्यांनी पाहावी म्हणून ते त्याच वर्षी मध्यपूर्वेत गेले, तिथे त्यांना विषमज्वराने धरलं आणि मे महिन्यात ते वारले. राहिलेले खंड एच. ए. जोन्स यांनी 1937 पर्यंत पुरे केले. संदर्भासाठी चाळायचे म्हणून मी हे खंड हाती घेतले आणि गुंतत गेलो. गुंतवणारी गोष्ट आपल्याकडचीच होती: जानेवारी 1911 मध्ये औरंगाबादेला घोडदळाच्या सरावात ब्रिस्टल कंपनीचं बॉक्सकाइट विमान उडालं. चालवणारा फ्रेंच वैमानिक झुलेरो, टेहळणीला कॅप्टन ब्रँकर. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती, आणि मराठवाड्याच्या माळावर विमानातून फौजेचा माग काढण्याचा प्रयोग चालू होता.

आता कूत. तैग्रिस नदीच्या वळणात वसलेलं, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेलं हे मेसोपोटेमियातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं, छोटं गाव. बगदादच्या वाटेवर मार खाऊन मागे फिरलेली सहावी डिव्हिजन डिसेंबर 1915 मध्ये तिथे येऊन थांबली आणि तुर्कांनी तिला वेढलं. या डिव्हिजनचं नावच ‘पूना डिव्हिजन’. तिच्या तीन ब्रिगेडमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: 103, 110 आणि 117. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या भागांतून या पलटणींत भरती होत असे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला तो अशा माणसांमुळे.

वेढा 147 दिवस चालला. सोडवायला आलेली फौज नदीच्या खालच्या अंगाला अडकून पडली. आत धान्य होतं, पण ते दळायचं कसं? तेव्हा विमानांनी वरून जात्याचे दगड टाकले. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. बॉम्ब टाकणारं विमान आपल्याला माहीत आहे, छायाचित्रं काढणारंही माहीत आहे. पण पलटणीला भाकरी मिळावी म्हणून जातं घेऊन येणारं विमान मी तोवर कुठेच वाचलं नव्हतं.

मांसाचा प्रश्न आणखी अवघड झाला. उरले होते घोडे आणि खेचरं. गोऱ्या सैनिकांनी ते खाल्लं, पण हिंदी शिपाई तयार होईनात. सेनापती टाउनशेंड यांनी बिनतारी यंत्रावरून हिंदुस्थानातल्या धर्मप्रमुखांची अनुज्ञा मागवली, ती आली, तरी कित्येकांनी एप्रिलपर्यंत तोंड लावलं नाही. मागे गावाकडे कळलं तर काय, ही धास्ती त्यामागे होती. हिरवा भाजीपाला नसल्याने हिरड्या सुजवणारा स्कर्व्ही पसरला. इंग्रजी पुस्तकांत याला अनेकदा हट्ट म्हटलेलं आढळतं. मला ते पटत नाही. चार महिने उपाशी राहून, रात्री खंदकात पहारा देऊन, ज्याने आपलं घर आणि आपली पंगत डोळ्यांपुढे ठेवली, त्याच्या मनाचा ठाव ‘हट्ट’ या शब्दाने लागत नाही.

15 एप्रिल 1916 पासून विमानांनी नियमित अन्न टाकायला सुरुवात केली. युद्धाच्या इतिहासात वेढ्यातल्या फौजेला हवेतून पोसण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. कामाला लागली ती बीई-टू-सी जातीची दोन आसनी विमानं आणि पाण्यावर उतरणारी शॉर्ट विमानं. कोणतंही विमान ओझ्यासाठी बांधलेलं नव्हतं. पोती पोटाखाली आणि पंखांखाली बांधायची आणि कूतवर येऊन सोडायची. इराकची गरम हवा विरळ, इंजिनं तापणारी, आणि ओझ्याने आधीच मंद झालेलं विमान. काही पोती तैग्रिसमध्ये पडली, काही तुर्कांच्या खंदकांत. शेवटच्या दिवसांत शत्रूकडे फोकर विमानं आली आणि एक समुद्री विमान त्यांनी पाडलं.

वेढा संपेपर्यंत सुमारे 140 फेऱ्या झाल्या आणि 19,000 पौंडांच्या आसपास अन्न टाकलं गेलं. आता आपला हिशोब मांडू. किलोत हे झालं साधारण 8,600. एका फेरीला सरासरी 61 किलो, म्हणजे कांद्याची सव्वा गोणी. आत शिपाई आणि नोकरचाकर मिळून तेरा हजारांच्या घरात, गावकरी वेगळे. पंधरा दिवसांनी आणि तेरा हजारांनी भागलं तर माणशी रोज 44 ग्रॅम. ज्वारीची अर्धी भाकरी. नदीत पडलेली पोती वजा केली तर त्याहूनही कमी. 24 एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची एकच आगबोट 270 टन शिधा घेऊन निघाली होती. ती वाटेत तुर्कांच्या हाती लागली. विमानांनी दोन आठवड्यांत नेलं, त्याच्या तीसपट अन्न त्या एका बोटीत होतं.

29 एप्रिलला कूत पडलं. वैमानिकांचं धाडस खोटं नव्हतं, यंत्राची ताकदच तेवढी होती. वेढ्यातल्या फौजेला खरोखर पोसू शकणारी डाकोटा ही मालवाहू विमानं 1944 सालच्या इंफाळच्या लढाईत दिसतात. तो भाग पुढच्या आठवड्यात, के. एस. नायर यांच्या ‘द फरगॉटन फ्यू’ या 2019 मधल्या पुस्तकाच्या सोबतीने.

कूतवर वाचायचं तर टाउनशेंड यांचं ‘माय कँपेन इन मेसोपोटेमिया’ (1920) आहे, पण ते एकटं वाचू नका. शरणागतीनंतर सेनापती इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले आणि त्यांचे शिपाई वाळवंटातून चालत नेले गेले. त्यातले हजारो परतले नाहीत. त्या चालण्याची धग त्या पुस्तकात नाही. वेढ्यात असलेले इंजिनिअर अधिकारी सँडेस यांचं ‘इन कूत अँड कॅप्टिव्हिटी’ (1919) त्यापेक्षा जवळून बोलतं. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांचं बंगाली ‘अभि ले बगदाद’ (1958). रुग्णसेवा पथकातला हा साधा स्वयंसेवक वेढ्यात होता आणि कैदेतही गेला. बंगालला त्याचा लेखक मिळाला. मराठी पलटणी तीन होत्या, पण त्यांच्यातल्या शिपायाने लिहिलेलं असं पुस्तक माझ्या हाती कधी आलेलं नाही, आणि ही उणीव मला सलते.

म्हणून वाचकांना एक विनंती. लोणंद, खंडाळा, फलटण, वाईकडच्या जुन्या घरांत, देव्हाऱ्याच्या फडताळात किंवा पत्र्याच्या पेटीत पणजोबांचं एखादं गोल चांदीचं पदक असेल, तर ते चिंचेने घासू नका. नुसतं उन्हात धरून त्याची कड फिरवून बघा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली असते. तिथे 103, 110 किंवा 117 दिसलं, तर तो माणूस त्या वेढ्यात असण्याची शक्यता आहे. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विमानातून पडलेल्या जात्याबद्दल कधी काही ऐकलंय का, एवढं विचारा.