आजीचे केस नारिंगी का झाले?

मेंदीचं पान हिरवं. त्याची पूडही हिरवी. पाण्यात कालवली तर लगदा पुन्हा हिरवाच! मग तो लगदा डोक्यावर थापून बसलेल्या आजीचे पांढरे केस दोन-तीन तासांनी चक्क नारिंगी कसे होतात? आणि त्याच वाटीतली मेंदी आईनेही लावली होती की! तिचे केस मात्र काळेच्या काळे. बरं, नारिंगीच रंग हवा, तर कोणी गाजराचा कीस का नाही लावत? बीट का नाही?

बीटाचं आधी उरकून टाकू. बीट चिरलं की बोटं लालभडक होतात, पण दोनदा साबण लावला की रंग गायब. बीटाचा रंग पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे तो पाण्याबरोबर येतो आणि पाण्याबरोबरच जातो. म्हणजे रंग नुसता भडक असून भागत नाही. त्याला केसाला धरून बसता आलं पाहिजे.

आता हा केस म्हणजे काय प्रकरण आहे? तुमचं नख, गाईचं शिंग, घोड्याचा खूर, मेंढीची लोकर आणि तुमचे केस, या सगळ्यांत एकच पदार्थ भरलेला असतो. त्याचं नाव केराटिन. हे एक प्रथिन आहे. केसावर बाहेरून बारीक खवल्यांचा थर असतो आणि आत केराटिनचे धागे. त्या धाग्यांत मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचे कण असतात. आईचे केस त्यामुळे काळे दिसतात. वय वाढलं की केसांच्या मुळाशी मेलॅनिन तयार होणं थांबतं, आणि आजीचा नवा केस बिनरंगाचा उगवतो.

मेंदीच्या पानात जो रंग असतो त्याला लॉसोन म्हणतात. मेंदीच्या झाडाचं शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस, त्यावरून हे नाव पडलं. शंभर ग्रॅम वाळक्या पानांत हा रंग निघतो जेमतेम एक-दोन ग्रॅम. गंमत अशी, की जिवंत पानात तो रंग म्हणून नसतोच. तिथे त्याचा कच्चा माल साखरेच्या रेणूला जोडून ठेवलेला असतो. पान वाटलं, ओलं केलं, की ही जोडी तुटते. सुटलेल्या भागाला हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्याचं लॉसोन होतं. म्हणून तर मेंदी आदल्या रात्री भिजवायची. सकाळी झाकण काढून बघा: वरचा थर तपकिरी झालेला असतो आणि चमच्याने ढवळलं की आतून हिरवा लगदा वर येतो. हवा जिथे लागली तिथे बदल आधी झाला!

प्रत्येक घराची मेंदी भिजवायची रीत निराळी. कोणी लिंबू पिळतं, कोणी दही घालतं, कोणी चहाचं पाणी, कोणी कात, कोणी कॉफी. (कॉफीचा उपयोग मला तरी वासापुरताच वाटतो. पण हे कॉफी घालणाऱ्या मावशीला सांगायची माझी हिंमत नाही.)

लॉसोनचा रेणू अगदी चिमुकला असतो. तो खवल्यांच्या फटीतून केसात शिरतो आणि केराटिनला रासायनिक बंधाने जोडला जातो. तो केसावर नुसता बसत नाही, केसाचाच भाग होतो. मग शाम्पू लावा, तेल लावा, तो सहजासहजी हलत नाही. हातावरची मेंदी आठ-पंधरा दिवसांत फिकी होते, कारण तिथे रंगलेली कातडीच झिजून जाते. नखावरची मात्र नख वाढून कापलं जाईपर्यंत टिकते. केसाचंही तसंच. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून महिनाभराने आजीच्या भांगात एक पांढरी पट्टी डोकावते. रंग उडालेला नसतो, खालून नवा केस आलेला असतो.

आणि आई? तिच्या केसांतही लॉसोन शिरलंच होतं. पण मेंदी केसातलं मेलॅनिन काढून टाकत नाही, आपला रंग त्यात मिसळते. काळ्या केसात मेलॅनिन बहुतेक सगळा प्रकाश गिळून टाकतं, मग नारिंगी दिसणार कुठून? आईला भर उन्हात उभं करा आणि बटेकडे नीट बघा. लालसर झाक सापडेल.

पण आजी म्हणाली, मला नारिंगी नको, काळे हवेत, तर? मग दुसऱ्या झाडाकडे जावं लागतं. ते म्हणजे नीळ. हरभरा-वाटाण्याच्या कुळातलं हे झुडूप आहे. एके काळी हिच्यासाठी शेतकऱ्यांवर फार जुलूम झाला. गांधीजी 1917 मध्ये बिहारमधल्या चंपारणला गेले ते नीळ पिकवायला भाग पाडलेल्या शेतकऱ्यांसाठीच. (दुकानात पांढऱ्या कपड्यांसाठी मिळते ती नीळ वेगळी. ती आजीच्या डोक्याला लावायला जाऊ नका!)

निळीच्या पानांची पूडही हिरवीच असते, पण स्वभाव मेंदीच्या अगदी उलटा. मेंदीला रात्रभर मुरू द्यायचं. निळीची पूड कोमट पाण्यात कालवली, की दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यायची. उशीर झाला की संपलं. असं का? ओल्या पानातून इंडॉक्सिल नावाचे छोटे, बिनरंगाचे रेणू सुटतात. ते पाण्यात विरघळतात आणि केसात सहज शिरतात. आत गेल्यावर त्यांना ऑक्सिजन भेटतो आणि दोन-दोन रेणू जोडले जाऊन निळा रंग तयार होतो. दोन मुलं अरुंद दारातून एकेक करून आत जावीत, आत हातात हात घट्ट गुंफून आडवी उभी राहावीत, आणि मग त्यांना दारातून बाहेरच पडता येऊ नये, तसंच हे. निळा रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो आतच अडकतो. पण कालवलेली नीळ तासन्‌तास तशीच ठेवली, तर ही जोडी वाटीतच जमते आणि केसात शिरायला कोणी उरत नाही.

म्हणून आधी मेंदी लावून धुवायची, मग नीळ. नारिंगी रंग प्रकाशातला निळा भाग गिळतो, निळा रंग नारिंगी-लाल भाग गिळतो. दोघांनी मिळून जवळजवळ सगळं गिळलं, की आपल्या डोळ्याला उरतो गडद तपकिरी किंवा काळा! लावल्या-लावल्या केस थोडे हिरवट दिसले तर घाबरायचं नाही, एक-दोन दिवसांत रंग गडद होतो.

आजी मेंदी भिजवते त्या लोखंडी कढईची करामत तर वेगळीच. आवळ्याची पूड कढईत रात्रभर भिजवली की सकाळी पूड काळीकुट्ट. आवळ्यात, चहात, मेंदीतही टॅनिन नावाचा पदार्थ असतो. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा पदार्थ बनतो. युरोपात ओक झाडावरच्या गाठी आणि लोखंडाचा क्षार वापरून शेकडो वर्षं याच युक्तीने शाई बनवत. म्हणजे आजी कढईत मेंदी भिजवते तेव्हा थोडीशी शाईच करत असते.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. नुसत्या मेंदीच्या पानातून काळा रंग कधीच येत नाही. जत्रेत कोणी पटकन चढणारी ‘काळी मेंदी’ हातावर काढून देत असेल, तर हात मागे घ्या. तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं आणि त्याने कातडीवर फोडसुद्धा येऊ शकतात. पाकिटावर झाडाचं चित्र असलं तरी मागची बारीक अक्षरं मोठ्या माणसांकडून वाचून घ्यायची.

आता तुमचं काम. तुमच्या केसांना हात लावायचा नाही, ते आहेत तसे छान आहेत. एक पांढरा लोकरीचा धागा घ्या आणि एक पांढरा सुती. लोकर खरी मेंढीची हवी. दुकानातली पुष्कळशी ‘लोकर’ ॲक्रिलिकची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची असते. (खरी नाही मिळाली म्हणून शेजारच्या पांढऱ्या कुत्र्याच्या मागे लागू नका.) दोन्ही धागे भिजवलेल्या मेंदीत तीन-चार तास बुडवा आणि धुवा. लोकर छान रंगेल, कारण ती केराटिनची. सुती धागा मात्र फिका राहील, कारण कापसात केराटिन नसतं, प्रथिनच नसतं. असतं ते सेल्युलोज.

आणि तिसरा धागा रेशमाचा मिळाला तर? रेशीम प्रथिनाचंच, पण ते केराटिन नव्हे. रंगेल की नाही? अंदाज आधी वहीत लिहा, मग धागा बुडवा. धुतल्यानंतर लिहिलेला अंदाज धरला जाणार नाही!