बजीची जोडी, पण पिल्लं नकोत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पक्ष्यांच्या दुकानात बजी बहुतेक वेळा जोडीनेच विकतात. पिंजऱ्यासोबत बाजूला भोक असलेली एक छोटी मातीची मटकीही मिळते आणि ‘हे त्यांचं घर’ असं सांगितलं जातं. काही आठवड्यांत मटकीत अंडी दिसतात, मग पिल्लं, मग पिल्लांचीही पिल्लं. एवढे पक्षी द्यायचे कुणाला, हा प्रश्न उभा राहतो आणि ती पिल्लं ज्याच्या-त्याच्या गळ्यात मारली जातात. हे टाळण्यासाठी जोडी तोडायची गरज नसते. अंडी घालायला चालना देणाऱ्या गोष्टी पिंजऱ्यातून आणि दिनक्रमातून काढल्या, की नर-मादी एकत्र राहूनही पिल्लं सहसा होत नाहीत.

इथे बजी म्हणजे ऑस्ट्रेलियातला बजरीगर. आपल्याकडे त्याला सर्रास लव्हबर्ड म्हणतात, पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि वेगळे. आपला हिरवा राघू मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पाळताच येत नाही, मग तो एकटा असो की जोडीने.

गैरसमज : नर-मादी एकत्र ठेवले की पिल्लं होणारच.

वस्तुस्थिती : बजीचं मूळ घर म्हणजे ऑस्ट्रेलियाचा आतला कोरडा प्रदेश. तिथे पावसाचा नेम नसतो, म्हणून त्यांचे थवे पाणी आणि गवताचं बी शोधत भटकतात. पाऊस झाला, बी मुबलक झालं आणि झाडात ढोली मिळाली, की ते झटपट अंडी घालतात. दुष्काळात हेच नर-मादी सोबत राहतात, पण विणीच्या वाटेला जात नाहीत. आपल्या घरात दाण्याची वाटी सदा भरलेली, ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत चालू आणि वर ढोलीसारखी मटकी. पक्ष्याच्या लेखी हा बारमाही सुकाळ. अंडी येतात ती या सुकाळामुळे.

गैरसमज : मटकी काढली तर त्यांचे हाल होतील.

वस्तुस्थिती : बजी ढोलीत जातो तो विणीपुरता. एरवी तो फांदीवर बसूनच झोपतो. विणीवर आलेली मादी मटकीच्या तोंडाशी घुटमळते, कडा कुरतडते, पुन्हा पुन्हा आत शिरून बसते. तिच्या चोचीवरची नाकपुड्यांची पट्टी गडद तपकिरी आणि खरबरीत होते. ही लक्षणं दिसायची वाट न पाहता मटकी काढावी. करवंटी, कापडी झोपडी, पुठ्ठ्याचा खोका, आत शिरता येईल असा कोणताही अंधारा कोपरा नको. त्याऐवजी पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या, झोके आणि चोचीला चाळा मिळेल अशी खेळणी द्यावीत. मादी तळाशी किंवा खाण्याच्या वाटीत बसायला लागली, तर वाट्यांच्या आणि फांद्यांच्या जागा बदलाव्यात. जागा ओळखीची राहिली नाही की अंडी घालण्याचा विचार बहुधा मागे पडतो.

गैरसमज : उजेडाचा अंड्यांशी काय संबंध?

वस्तुस्थिती : मोठा दिवस हा विणीचा इशारा असतो. दिवाणखान्यात टीव्ही चालू असेपर्यंत पक्ष्याचा दिवस संपत नाही. म्हणून संध्याकाळी पिंजरा शांत खोलीत न्यावा किंवा हवा खेळती राहील असं पातळ सुती कापड टाकावं. उजेड दिवसाला १० ते १२ तासांवर आणावा. मोठी रात्र मिळाली की झोपही पुरी होते.

गैरसमज : खाणं कमी केलं की अंडी थांबतात.

वस्तुस्थिती : बजीचं वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. एवढ्याशा जिवाला उपाशी ठेवणं प्राणावर बेतू शकतं. कमी करायचं ते पिल्लांच्या काळातलं पौष्टिक, मऊ खाणं : उकडलेलं अंडं, एगफूड, रोजचे मोड आलेले दाणे. राळा आणि बाजरी मोजून द्यावी. कोथिंबीर, मेथी, गाजर चालू ठेवावं. समुद्रफेन मात्र काढू नये. अंडं आलंच तर त्याच्या कवचासाठी लागणारं कॅल्शियम मादीच्या शरीरात असायला हवं.

गैरसमज : पिंजरे वेगळे केले की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : संशोधिका बार्बरा ब्रॉकवे यांनी १९६५ साली दाखवून दिलं, की नर बजीच्या प्रणयातल्या आवाजानेही मादीच्या अंडाशयाची वाढ होते आणि ती अंडी घालते. म्हणजे मटकी आणि लांबलेला दिवस तसाच ठेवून पिंजरे शेजारी-शेजारी टांगले, तर फळणारी अंडी मिळणार नाहीत, पण रिकामी अंडी येऊ शकतात. मादी नराला चोची मारून जखमी करत असेल, तर काही आठवडे वेगळं ठेवणं योग्यच. एरवी थव्यात राहणाऱ्या या पक्ष्याला एकटं पाडून काहीच साधत नाही. एकमेकांना भरवणं, मान खाजवणं, गालाला गाल लावून बसणं ही त्यांची सोबत आहे. तेवढ्यावरून अंडी येणार असं धरू नये.

गैरसमज : नर नसेल तर मादी अंडी घालत नाही.

वस्तुस्थिती : कोंबडी जशी कोंबड्याविना अंडी घालते, तशीच बजीची मादीही घालते. त्यातून पिल्लू येत नाही, पण तिच्या शरीराची झीज तेवढीच होते. त्यामुळे एकटी मादी असो की दोन माद्या, वर सांगितलेली काळजी त्यांच्याबाबतही घ्यावी. माणसाळलेल्या मादीच्या पाठीवरून हात फिरवू नये. तोही तिला इशाराच वाटतो. डोक्यावर हळूच खाजवलेलं चालतं.

गैरसमज : अंडं दिसताच उचलून फेकावं.

वस्तुस्थिती : अंडं गायब झालं की मादी ते भरून काढायला आणखी अंडी घालत राहू शकते. ताजं अंडं उकळून, पूर्ण गार करून, पेन्सिलीने खूण करून परत ठेवावं किंवा त्याजागी प्लॅस्टिकचं नकली अंडं ठेवावं. अंडी साधारण एकाआड एक दिवस येतात, म्हणून रोज पाहावं लागतं. मादी त्यांवर बसेल, साधारण १८ दिवसांचा उबवण्याचा काळ उलटेल आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिचा रस कमी होईल. ती स्वतःहून उठली की अंडी काढावीत. या काळात तिची विष्ठा एकदम मोठी आणि उग्र वासाची होते. त्याने घाबरू नये.

गैरसमज : पिल्लं झाली नाहीत तर मादी आजारी पडते.

वस्तुस्थिती : आजार येतो तो पाठोपाठच्या अंड्यांमुळे. एक अंडं सुमारे दोन ग्रॅमचं असतं आणि एका वेळी चार ते सहा येतात. सहा अंडी म्हणजे तिच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ऐवज. कॅल्शियम घटलं की अंडं आत अडकू शकतं. मादी पिसं फुगवून तळाशी बसली, शेपटी वर-खाली हलवत कुंथत असली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तिला उबेत ठेवून पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यावं. यात तासांना महत्त्व असतं.

गैरसमज : भावंडं आपसात जोडी जमवत नाहीत.

वस्तुस्थिती : जमवतात. बजी तीन-चार महिन्यांतच वयात येतो, म्हणून एकाच घरट्यातल्या पिल्लांबाबतही निष्काळजी राहू नये.

गैरसमज : जास्तीची पिल्लं मोकळी सोडली की सुखी होतात.

वस्तुस्थिती : पिंजऱ्यात वाढलेल्या बजीला इथे दाणा कुठे शोधायचा आणि कावळ्या-घारींपासून कसं वाचायचं हे ठाऊक नसतं. सुटका म्हणून केलेली ही गोष्ट बहुतेकदा त्याचा मृत्यूच ठरते.

अजून पक्षी घेतले नसतील तर दोन नर घेणं सगळ्यांत सोपं. ते सहसा गुण्यागोविंदाने राहतात, तर दोन माद्यांत जागेवरून भांडणं होऊ शकतात. प्रौढ नराची नाकपुड्यांची पट्टी निळी आणि मादीची पांढरट किंवा तपकिरी असते. पण कोवळ्या पिल्लांत आणि पांढऱ्या-पिवळ्या रंगाच्या काही नरांत ही खूण फसवी असते, म्हणून जाणकाराला दाखवावं. घरात आधीच नर-मादी असतील तर त्यांना एकत्र राहू द्यावं. मटकी काढणं, दिवस आखूड करणं आणि खाणं साधं ठेवणं आजपासून जमण्यासारखं आहे. एखादं अंडं तरीही आलं, तर ते कसं हाताळायचं तेही आता ठाऊक आहे. पिल्लं वाढवायची की नाही हे माणसाने ठरवावं, पण त्याची किंमत त्या एवढ्याशा मादीने स्वतःच्या हाडांतून मोजू नये.